सातत्याचा जाब कोणाला विचारायचा?

दिवाळीचा फराळ संपल्यावर एकदा आणि इंग्रजी नवे वर्ष लागल्यावर पुन्हा एकदा, असे वर्षातून निदान दोनदा आपल्याकडे वजन कमी करण्याच्या संकल्पांना भरते येते. पहाटेच्या रस्त्यावर कोरे बूट दिसू लागतात, जिममध्ये यंत्रासाठी थांबावे लागते, घरोघरी साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो. आणि होळीपर्यंत यातले बहुतेक सारे पूर्ववत झालेले असते. असे का झाले याचे उत्तरही ठरलेले आहे. ‘सातत्य राहिले नाही’ असे ती व्यक्ती ओशाळून सांगते आणि ऐकणारे ‘जिद्द पाहिजे’ असे म्हणून विषय संपवतात. मला हे निदान अपुरे वाटते, आणि ते सरसकट सगळ्यांना लावले जात असल्यामुळे अनेकांच्या बाबतीत अन्यायाचेही वाटते. व्यायामाचे आणि आहाराचे सातत्य काही अंशी स्वभावावर अवलंबून असते हे खरे. परंतु त्याहून किती तरी अधिक ते वेळेच्या, जागेच्या आणि घरकामाच्या वाटणीवर अवलंबून असते. हे मान्य केले तर सातत्य का राहिले नाही याचा जाब एकट्या माणसाला विचारून चालणार नाही. तो त्याच्या घराला, त्याच्या कचेरीला आणि त्याच्या महापालिकेलाही विचारावा लागेल.

प्रश्न खाजगी राहिलेला नाही हे आकड्यांवरून दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार दहा कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण त्या पाहणीत गोव्यात आढळले, २६.४ टक्के. पोटाभोवती वाढलेली चरबी देशातील जवळजवळ ४० टक्के प्रौढांमध्ये दिसून आली. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात शारीरिक हालचालींविषयीचा जो जागतिक अभ्यास आला, त्यात २०२२ साली भारतातील सुमारे निम्मे प्रौढ आरोग्याला आवश्यक तेवढी हालचाल करत नव्हते असा अंदाज मांडला आहे. २००० साली हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. बावीस वर्षांत कोट्यवधी माणसांची जिद्द एकाच वेळी ढासळली असे मानायचे, की या काळात त्यांच्या कामाचे, प्रवासाचे आणि राहण्याचे स्वरूप बदलले असे मानायचे? त्याच अभ्यासात पुरेशी हालचाल न होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ५७ टक्के आहे आणि पुरुषांचे ४२ टक्के. हरतालिकेला पाण्याचा थेंबही न घेता दिवस काढणाऱ्या आणि संध्याकाळी त्याच पोटी घरच्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बायकांमध्ये निर्धाराची कमतरता आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मग हा १५ टक्क्यांचा फरक कशातून आला, याचा शोध दुसरीकडे घ्यायला हवा.

त्याआधी शरीराविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. वजन उतरवणे आणि उतरलेले वजन टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसऱ्या कामाला शरीराचाच विरोध असतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांचा आहार देऊन काही लोकांचे वजन घटवले होते. वर्ष उलटल्यानंतरही त्यांच्या रक्तातील भुकेशी संबंधित संप्रेरके मूळ पातळीवर आली नव्हती आणि त्यांना पूर्वीपेक्षा जास्त भूक लागत होती. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील वजन घटवण्याच्या स्पर्धेत भाग घेतलेल्या १४ जणांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार स्पर्धेत सरासरी ५८ किलो वजन उतरवलेल्या या लोकांचे सरासरी ४१ किलो परत आले होते, आणि विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करत होते. हे टोकाचे उदाहरण आहे आणि सामान्य माणसाच्या बाबतीत ओढ इतकी तीव्र नसते. तरीही दिशा तीच असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वजनाचा काटा अडतो तेव्हा माणूस हरलेला नसतो. त्याचे शरीर उपासमारीपासून वाचण्याचे आपले जुने काम नेमाने करत असते. आपल्याकडे नेमका हाच काळ सातत्य तुटण्याचा असतो, कारण काटा हलत नाही म्हणजे आपण कुठे तरी ढिले पडलो असे घरचे म्हणतात आणि त्या व्यक्तीलाही ते पटते.

मुळात वजनाच्या काट्याला इतका मान द्यावा का, याविषयीही भारतीयांना, त्यातही पुणेकरांना, वेगळे कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच उदाहरणे ‘लॅन्सेट’मध्ये शेजारी शेजारी ठेवली होती. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती आणि त्यांची मुले यांचा १९९३ पासून जो दीर्घ अभ्यास याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, त्यातूनही हेच दिसले की आपली बाळे जन्मतः वजनाला कमी असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचा वाटा तुलनेने अधिक आणि स्नायूंचा कमी असतो. याचा अर्थ असा की सडपातळ दिसणारा मराठी माणूस सुरक्षित असेलच असे नाही, आणि ज्याचे वजन दोन किलोंनीच उतरले पण कंबर चार बोटे आत गेली, त्याने बरेच काही साधलेले असते. पाऊण तास भरभर चालल्याने मध्यम वजनाच्या माणसाचे दोनशेच्या आसपास उष्मांक खर्च होतात. एका वडापावात त्याहून अधिक असतात. चालण्याचे मोल काट्यावर ठरवायला गेलो तर चालणे फुकटच गेले असे वाटणार. रक्तातील साखर, रक्तदाब, झोप, गुडघ्यांवर येणारा ताण आणि जिना चढताना लागणारी धाप या बाबतींत ते काय करते हे काट्याला कळत नाही. दर सकाळी वजन करणाऱ्या व्यक्तीला रोज सकाळी निराश होण्याची एक संधी मिळते, आणि निराशेवर कोणताही नेम फार दिवस चालत नाही.

सवय लागण्याच्या मुदतीविषयीही असाच एक ग्रह आहे. २१ दिवसांत सवय लागते हे वाक्य आपल्याकडे शाळेच्या फळ्यापासून सद्गुरूंच्या प्रवचनापर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्याचे मूळ १९६० मधील एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, एवढेच ते होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला तेव्हा एखादी साधी कृती अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागतात असे दिसले, आणि त्यांच्या हिशेबानुसार व्यक्तीव्यक्तींत ही मुदत १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होती. या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या क्रियेत फारसा फरक पडत नव्हता. आपल्याकडे मात्र खंड पडला म्हणजे व्रत मोडले अशी भावना असते. पाहुणे आले, पोराला ताप आला, दोन दिवस फिरायला जाणे झाले नाही, की ‘आता पुढच्या सोमवारपासून’ असे म्हटले जाते आणि तो सोमवार गुढीपाडव्यापर्यंत लांबतो. कोणत्याही दिनक्रमाची परीक्षा त्याच्या सर्वांत चांगल्या आठवड्यावरून करू नये. घरात आजारपण आहे, कचेरीत मार्चअखेर आहे, बाहेर पाऊस आहे, अशा आठवड्यात त्यातले किती उरते ते पाहावे.

या कसोटीवर २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात गाजलेला ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद पुन्हा पाहण्यासारखा आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून दिवसातून दोनदाच, आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा मार्ग सांगितला. ऋजुता दिवेकर यांचा भर घरचे, स्थानिक आणि थोड्या थोड्या अंतराने खाण्यावर होता. इन्सुलिन किती वेळा स्रवते आणि चयापचय कशाने मंदावते यावर व्हॉट्सअॅपच्या गटांत माणसे हमरीतुमरीवर आली. मला त्या वादाच्या शास्त्रीय बाजूचा निवाडा करायचा नाही, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना न विचारता बदलू नयेत हे सांगून तो भाग सोडतो. परंतु दीक्षितांचा मार्ग इतक्या झपाट्याने पसरला याचे कारण रसायनशास्त्रात शोधण्याची गरज नाही. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नव्हते, मोजावे लागत नव्हते, वेगळे शिजवावे लागत नव्हते आणि ज्याने तो स्वीकारला त्याला गावोगावी तोच मार्ग चालणारे सोबती मिळत होते. दिवेकरांच्या म्हणण्यातही घरात आधीच असलेल्या पोळी-भाजीला आणि तुपाला प्रतिष्ठा देण्याचा भाग होता, तोच लोकांना धरून ठेवणारा होता. दोन्हीकडचे जे टिकले ते घराच्या रहाटीत बसल्यामुळे टिकले. वाद घालणाऱ्यांनी मात्र कोणाचा आहार बरोबर यावर रात्री जागवल्या आणि कोणता आहार कोणाच्या घरात चालू शकतो हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारला नाही.

तो प्रश्न विचारला की आपण स्वयंपाकघराच्या दारात येतो. मराठी घराला नेम पाळण्याचे वावडे नाही, उलट त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चार महिन्यांत कांदा, लसूण आणि वांगे बंद ठेवणारी कुटुंबे आजही पुष्कळ आहेत. त्यासाठी आदल्या कांदेनवमीला पोटभर कांद्याचे पदार्थ करून निरोप दिला जातो. घरात एकाची एकादशी असली तर वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी वेगळी होते, आणि खुशीने होते. (त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि रताळ्याच्या गोड फोडी मिळून नेहमीपेक्षा जास्तच पोटात जाते, म्हणून तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण पडली, पण तो मुद्दा निराळा.) येथे लक्षात घ्यायचे ते हे की नेम एका व्यक्तीचा असला तरी त्याची तजवीज सारे घर करते. सासूबाईंच्या सोमवारासाठी जेवणाची वेळ बदलते. त्याच घरातील सून सकाळी सहा ते पावणेसात फिरायला जाईन म्हणाली, तर मात्र डब्यांचे काय, दूध कोण तापवणार आणि मुलांना कोण उठवणार हे प्रश्न तिने स्वतःच सोडवायचे असतात. देवाच्या नेमाला घराची मान्यता आहे, बाईच्या प्रकृतीच्या नेमाला ती अजून मिळालेली नाही. माझ्या मते सातत्याच्या प्रश्नाचा हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात असे आढळले; शिवाय असे काम मुळात करणाऱ्या पुरुषांची संख्याच कमी. दोहोंतील अंतर तीन तास एकवीस मिनिटांचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेले प्रमाण प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम असे आहे. म्हणजे आठवडाभराच्या व्यायामाला निदान जेवढा वेळ लागतो, त्याहून मोठी तफावत एका दिवसाच्या घरकामात आहे. यावर एक उत्तर नेहमी येते, की घरकाम हाच व्यायाम नव्हे काय. धुणे, केर-फरशी, पाणी भरणे यांत श्रम आहेत हे नाकारता येणार नाही. परंतु ओट्यापाशी दोन तास उभे राहणे हे हृदयाची गती वाढवणारे काम नव्हे, आणि त्याने कंबर दुखते, बळकट होत नाही. शिवाय ते स्वतःसाठी काढलेल्या वेळेत मोडत नाही. मनाला जो निवांतपणा फिरण्यातून मिळतो तो त्यात नसतो.

आहाराच्या बाबतीतही हेच. घरातल्या एकाला डॉक्टरांनी पथ्य सांगितले की त्याचे ताट वेगळे होते: त्याला ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ, काकडी, इतरांना नेहमीचे. हे वेगळे ताट घरच्या बाईच्या कामात भर घालते, आणि ते ताट तिचेच असेल तर पंधरा दिवसांत गुपचूप बंद होते, कारण उरलेला भात टाकवत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२५ मधील अभ्यासानुसार आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. पोहे, उपमा, साबुदाणा, भात, पोळी आणि पुन्हा चहाबरोबर बिस्किट अशा आपल्या दिवसाकडे पाहिले की त्यात आश्चर्य वाटत नाही. हे बदलायचे तर सगळ्यांच्याच ताटात वरणाची वाटी मोठी व्हावी आणि भाताची मूद लहान व्हावी. ज्या घरात पातेले बदलते तिथे पथ्य पाळावे लागत नाही, ते आपोआप पाळले जाते. आणि पातेले बदलण्याचा निर्णय घरातल्या पुरुषाच्या जिभेच्या संमतीशिवाय होत नाही, हे सांगायला कोणत्याही पाहणीची गरज नाही.

जागेचा प्रश्न त्यामानाने सर्वांना दिसतो, म्हणून थोडक्यात. बदलापूरहून किंवा विरारहून मुंबईत कामाला जाणारा माणूस पहाटे घर सोडतो आणि रात्री नवाच्या पुढे परततो. त्याला पहाटे फिरण्याचा उपदेश करणे ही थट्टा आहे. पुण्यात वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजई आणि पर्वती यांच्या आसऱ्याने राहणाऱ्यांना जे मिळाले ते हडपसरच्या पुढे नव्याने उगवलेल्या वस्त्यांतील माणसाला मिळालेले नाही. तिथे पदपथावर वाहने उभी असतात आणि रस्त्यावरून चालणे जिवावरचे असते. तालुक्याच्या गावात महामार्गाची कडा हीच फिरायची जागा होऊन बसली आहे. अनेक शहरांतील महापालिकेच्या बागा दुपारी बंद असतात आणि रात्री आठ-साडेआठला शिट्टी वाजते, म्हणजे नेमक्या त्या वेळी, जेव्हा नोकरदार माणूस घरी पोचतो.

येथे एक गोष्ट आठवण्यासारखी आहे. व्यायाम ही सार्वजनिक व्यवस्था असते हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर त्याच सुमाराचे. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळांच्या दिनक्रमात घातले. पेठेतल्या तालमीत जोर-बैठका मारणाऱ्या पोराला आपण फिटनेसचे सातत्य राखतो आहोत याचा पत्ताही नसे. वस्ताद होते, सवंगडी होते, वेळ ठरलेली होती, आणि एक दिवस दांडी मारली तर संध्याकाळी कट्ट्यावर कोणी तरी विचारत असे. त्या जगाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, कारण त्या आखाड्यांची दारे स्त्रियांना बहुतेक बंदच होती. परंतु तालमीत सातत्य ही संस्थेची जबाबदारी होती. ती आता आपण एकेका माणसाच्या मनगटावरच्या घड्याळाकडे सोपवली आहे, आणि ते घड्याळ पावले मोजून रात्री दहा वाजता त्याला बोल लावते.

ही जबाबदारी उचलल्याचा आव आणणारी जी बाजारपेठ उभी राहिली आहे, तिचा हिशेब वेगळा आहे. वर्षाचे शुल्क एकदम भरल्यास मोठी सवलत देणाऱ्या व्यायामशाळेला भरणारा रोज आला नाही तरी तोटा नसतो. सगळे रोज आले तर तिची जागाच पुरणार नाही. अमेरिकेतील तीन क्लबांच्या नोंदी तपासून दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले की महिन्याला ७० डॉलरहून अधिक भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी साडेचार वेळाही येत नव्हते. त्यांना एक भेट १७ डॉलरहून महाग पडत होती, आणि त्याच ठिकाणी दहा भेटींचा पास घेतला तर एक भेट दहा डॉलरला पडली असती. माणसे आपल्या भावी उत्साहाचा अंदाज वाढवून करतात आणि त्या वाढीव अंदाजावर एक उद्योग चालतो. आता त्यात इंजेक्शनांची भर पडली आहे. २०२५ मध्ये वजन घटवणारी साप्ताहिक इंजेक्शने भारतात अधिकृतपणे विक्रीस आली. ज्यांना लठ्ठपणाचा खरोखर आजार आहे अशांसाठी ती मोठीच सोय आहे आणि तिला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. परंतु यांपैकीच सेमाग्लुटाइड या औषधाच्या मुख्य चाचणीतील सहभागींचे इंजेक्शन थांबवल्यानंतर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. म्हणजे औषध घेतले तरी सातत्याचा प्रश्न सुटत नाही, तो औषधाच्या सातत्यावर आणि त्याला दरमहा लागणाऱ्या पैशांवर जाऊन बसतो.

या सगळ्यावर एक सरळ आक्षेप आहे आणि तो बिनबुडाचा नाही. वेळ नाही म्हणणारी माणसे रोज दोन-दोन तास मोबाईलवर रील्स पाहतात. ज्यांच्याकडे मैदान, मोटार आणि घरकामाला दोन बायका आहेत अशांचेही पोट सुटलेले असते. आणि सोय नसतानाही धावणारी माणसे आपण पाहतो. मग परिस्थितीला दोष देणे म्हणजे आळसाला सबब पुरवणे नव्हे काय? यातला काही भाग मी मान्य करतो. सोय झाली म्हणून कोणी आपोआप पहाटे उठत नाही, उठावे ज्याचे त्यालाच लागते, आणि ज्यांना वेळ व जागा दोन्ही मिळालेले आहेत, विशेषतः माझ्यासारख्या पांढरपेशा पुरुषांना, हा लेख सबब म्हणून वापरता येणार नाही. परंतु रात्री दहानंतर अंथरुणावर मोबाईल पाहण्यात जाणारा वेळ हा व्यायामाचा वेळ नसतो; ती थकलेल्या माणसाची उरलेली वेळ असते. आणि सोय नसताना धावणाऱ्या थोड्यांवरून धोरण ठरवता येत नाही. रस्त्याच्या दिव्याखाली बसून मोठे झालेले विद्वान आपल्याकडे होऊन गेले, म्हणून घरोघरी वीज नेण्याचे कोणी थांबवले नाही.

सरकारी प्रयत्नांचा रोख मात्र अजून व्यक्तीला समजावण्यावरच आहे. २९ ऑगस्ट २०१९ ला ‘फिट इंडिया’ मोहीम सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. आवाहने वाईट नसतात. त्यांना खर्च येत नाही, हीच त्यांची अडचण आहे, कारण खर्च न आल्यामुळे त्यांचे उत्तरदायित्वही कोणावर येत नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकात पदपथांच्या देखभालीला किती रक्कम धरली आणि त्यातली किती खर्च झाली, हा आरोग्याचा प्रश्न म्हणून विचारला गेला पाहिजे. कचेऱ्यांनी वर्षातून एकदा मॅरेथॉनचे टीशर्ट वाटण्यापेक्षा कामावर येण्याच्या वेळेत तासाभराची लवचिकता दिली, तर अधिक माणसे चालू लागतील. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाबरोबर कंबरेचा घेर मोजायला एक फीत पुरते. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची मर्यादा मानली जाते, आणि वजनापेक्षा तो आकडा आपल्या लोकांना अधिक खरे सांगतो.

या सर्वांत तातडीने आणि कमी खर्चात होण्यासारखी गोष्ट शाळांच्या मैदानांची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे, आणि दाट वस्तीत बहुधा तेवढीच एक मोकळी, सपाट, वाहनांपासून सुरक्षित जागा उरलेली असते. शाळा सुटली की तिला कुलूप लागते. मुख्याध्यापकांच्या अडचणी खऱ्या आहेत: खिडक्यांच्या काचा फुटतात, सकाळी कोपऱ्यात बाटल्या सापडतात, काही झाले तर उत्तर त्यांना द्यावे लागते. म्हणून ही जबाबदारी शाळेवर न टाकता प्रभाग कार्यालयाने घ्यावी, दोन दिवे आणि एक रखवालदार यांचा खर्च उचलावा, आणि शक्य तिथे रखवालदार म्हणून त्याच वस्तीतील स्त्रीला नेमावे, म्हणजे इतर बायका मुलींना घेऊन निर्धास्तपणे येतील. प्रत्येक प्रभागात एका मैदानापासून, आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळेपासून, सुरुवात करता येईल. पहाट ज्यांच्या वाट्याला येत नाही त्यांच्यासाठीच ही संध्याकाळची सोय मुख्यतः हवी आहे.